बी.कॉम.नंतर व्यवस्थापन शिक्षण: ताळगावचे पठार, साखळी की गोव्याबाहेर?

केपेकर_पालक (धागाकर्ता)

नमस्कार. माझी मुलगी दक्षिण गोव्यातील एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात आहे. पुढे व्यवस्थापनाचेच शिक्षण घ्यायचे हे तिने ठरवले आहे, पण ते कोठे घ्यावे यावर घरात तीन तट पडले आहेत. तिच्या आईच्या मते तिने ताळगाव पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठाच्या गोवा बिझनेस स्कूलमध्ये एम.बी.ए. करावे, पदवी विद्यापीठाची, शुल्क आवाक्यातले आणि शनिवारी मुलगी घरी. मुलीचा ओढा साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटकडे आहे. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याचे म्हणणे असे की गोव्यात विद्यापीठ आहे, पण विद्यार्थ्यांचे शहर नाही, आणि ते वातावरण मिळाल्याशिवाय व्यवस्थापन शिकून काही उपयोग नाही.

माझे प्रश्न असे. साखळीला मिळते ती पदविका आणि विद्यापीठात मिळते ती पदवी, यांत कायद्याच्या दृष्टीने फरक काय आणि तो पुढे कोठे आडवा येतो? शुल्कात कित्येक पटींचे अंतर आहे, ते कर्ज काढून भरावे इतका फरक नोकरीत पडतो का? आणि मुलीला शेवटी गोव्यातच राहायचे असेल, तर गोव्यातील नोकरी देणारे या दोन्हींकडे कसे पाहतात? संस्थांची माहितीपत्रके आम्ही वाचली आहेत आणि वृत्तपत्रांतल्या क्रमवाऱ्याही चाळल्या आहेत. जे तेथे शिकले, जे शिकवतात किंवा जे नोकरीवर माणसे घेतात, अशा सभासदांनी लिहावे अशी विनंती आहे.

जुना_तिसवाडीकर

आपल्या बंधूंचे म्हणणे गोव्याच्या घराघरांत ऐकू येते, आणि त्याला इतिहास आहे. १९६१ पूर्वी येथे वैद्यकीय शाळा होती, लिसेव (पोर्तुगीज माध्यमिक शाळा) होते, पण कला, विज्ञान वा वाणिज्य शाखेचे पदवी महाविद्यालय नव्हते. ज्याला पुढे शिकायचे असेल तो मुंबई, पुणे, बेळगाव किंवा धारवाड गाठत असे. १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालये निघाली, ती मुंबई विद्यापीठाला संलग्न होती. पदव्युत्तर वर्गांसाठी त्याच विद्यापीठाने पणजीत केंद्र चालवले आणि पुढे त्या केंद्राच्या पायावर गोवा विद्यापीठ उभे राहिले. कायदा १९८४ चा, प्रत्यक्ष कामकाज जून १९८५ पासून. तेव्हा गोवा घटक राज्यही झाले नव्हते. तो दर्जा १९८७ साली आला. इतिहासाचे अभ्यासक प्रा. बी. शेख अली हे पहिले कुलगुरू. पठारावरील इमारतींचा आराखडा सतीश गुजराल यांचा.

हे सारे सांगण्याचे कारण असे की या विद्यापीठाची घडणच संलग्न महाविद्यालयांना सांभाळण्यासाठी झालेली आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या महाविद्यालयांचे अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे, निकाल लावणे ही त्याची पहिली जबाबदारी आहे, आणि त्यासोबत त्याला मराठी, कोकणी, पोर्तुगीज, सागरविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र अशा विभागांतून स्वतःचे अध्यापन आणि संशोधनही करायचे असते. व्यवस्थापन हा त्यांतला एक भाग आहे. ज्या संस्थेला व्यवस्थापनाशिवाय दुसरे काही शिकवायचेच नाही तिच्याशी त्याची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे. मी विद्यापीठाची बाजू मांडत आहे असे कोणास वाटले, तर तसे वाटू द्यावे.

रानमोगरा

मी साखळीला शिकले आणि आता मुंबईत नोकरी करते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याविषयी पालकांच्या मनात विनाकारण भीती असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट ही स्वायत्त संस्था आहे, विद्यापीठ नाही; म्हणून ती एम.बी.ए. देऊ शकत नाही, पी.जी.डी.एम. ही पदव्युत्तर पदविका देते. तिला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे. अहमदाबाद, कोलकाता, बंगळूर येथील भारतीय व्यवस्थापन संस्थासुद्धा २०१७ चा कायदा येईपर्यंत पदविकाच देत होत्या आणि त्यामुळे कोणाची नोकरी अडली नाही. खासगी क्षेत्रात हा फरक कोणी विचारत नाही.

तो अडतो तो पुढे अध्यापनाकडे, संशोधनाकडे किंवा काही सरकारी पदांकडे वळायचे असेल तेव्हा. तेथे ही पदविका एम.बी.ए.शी समकक्ष असल्याचे भारतीय विश्वविद्यालय संघाचे प्रमाण लागते. अनेक नामवंत संस्थांच्या पदविकांना अशी समकक्षता आहे. पण ती संस्थेला सरसकट नसते, अभ्यासक्रमागणिक दिली जाते. मुलगी ज्या विशिष्ट अभ्यासक्रमाला प्रवेश घेणार, त्याची समकक्षता आहे का आणि ती कोणत्या तुकड्यांपर्यंत आहे, हे प्रवेश कचेरीला लेखी विचारावे. साखळीत सर्वसाधारण अभ्यासक्रमाशिवाय आरोग्यसेवा व्यवस्थापन, बिग डेटा आणि बँकिंग-विमा असे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत, म्हणून हा प्रश्न तेथे अधिकच लागू पडतो.

आता शिक्षणाविषयी. संस्था १९९३ साली जेझुइट धर्मगुरू फादर रोमुआल्ड डिसोझा यांनी स्थापली. त्याआधी भुवनेश्वरची झेविअर इन्स्टिट्यूटही त्यांनीच उभी केली होती. सुरुवातीची वर्षे ती रायबंदरला जुन्या रुग्णालयाच्या वास्तूत होती. २०१० साली सत्तरीत पर्ये येथे, साखळीच्या जवळ, स्वतःच्या आवारात आली. सर्व जण आवारातच राहतात, आणि हे निवासी स्वरूपच तिथल्या शिक्षणाचा अर्धा भाग आहे. रात्री अकराला गटाची बैठक सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याच विषयावर वर्गात बोलावे लागते. वर्गात कोलकात्याचा अभियंता, कोचीची वाणिज्य पदवीधर, दोन-तीन वर्षे नोकरी करून आलेली माणसे असतात. गोव्याचे विद्यार्थी थोडे असतात. केप्यातून आलेल्या मुलीला हे पहिले दोन महिने जड जाते, नंतर त्याचाच सर्वांत मोठा लाभ होतो. नोकऱ्या देण्यासाठी येणाऱ्या कंपन्या मात्र मुंबई, बंगळूर, हैदराबाद, गुरुग्राम येथल्या असतात. गोव्यात नोकरी देणाऱ्यांची संख्या त्यांत नगण्य असते, हे मी स्पष्टच सांगते.

पठारावरून

मी विद्यापीठातून एम.बी.ए. केले आहे, आणि रानमोगरा ताईंच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो.

गोवा बिझनेस स्कूल हे नाव नवे आहे. त्याखाली वाणिज्य, अर्थशास्त्र, व्यवस्थापन आणि संगणकशास्त्र हे पूर्वी वेगवेगळे असलेले विभाग एकत्र आणले गेले. कागदावर हा केवळ प्रशासकीय बदल दिसतो. मला मात्र त्याचा प्रत्यक्ष फायदा असा दिसला की एम.बी.ए.चा विद्यार्थी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडे संख्याशास्त्राची शंका घेऊन जाऊ शकतो आणि एम.सी.ए.च्या मित्राबरोबर प्रकल्प करू शकतो. साध्या एम.बी.ए.शिवाय वित्तीय सेवा आणि आदरातिथ्य-पर्यटन यांचे एम.बी.ए.ही तेथे आहे, आणि पर्यटनाचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम बारावीनंतर घेता येतो. या राज्यात पर्यटनाचे व्यवस्थापन सार्वजनिक विद्यापीठात शिकवले जाते ही बाब पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते.

वर्गात बहुसंख्य मुले गोव्याची असतात. त्याचा तोटा ताईंनी सुचवला आहे: सगळे एकाच मुशीतून आलेले, सगळ्यांची गावे एकमेकांना माहीत, आणि वर्ग सुटला की अर्धा वर्ग कदंब बसच्या थांब्यावर. पण फायदाही तेवढाच आहे. माझ्या वर्गातील मुले आज पणजीच्या बँकांत, वेर्ण्याच्या कारखान्यांत, हॉटेलांच्या लेखा विभागांत आणि सरकारी खात्यांत आहेत, आणि गोव्यात कामे कशी होतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अशा ओळखींची किंमत वेगळी सांगायला नको. वसतिगृह आहे, ग्रंथालय फार चांगले आहे. दामोदर कोसंबी यांचा ग्रंथसंग्रह तेथे आहे, आणि वाणिज्याच्या मुलांपैकी फारच थोडी तो कधी पाहतात याची मला खंत वाटते. पावसाळ्यात पठारावर वारा असा सुटतो की छत्री उघडण्यात अर्थ नसतो, आणि संध्याकाळी उशिरा पणजीकडे जाणारी बस मिळवणे हाही एक अभ्यासक्रमच आहे.

सार्वजनिक विद्यापीठाचा आणखी एक गुण लोक विसरतात. ते माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली येते. शुल्क, प्रवेशाची यादी, परीक्षेची उत्तरपत्रिका, यांविषयी विद्यार्थी अर्ज करू शकतो आणि उत्तर द्यावेच लागते. खासगी संस्था चांगली असली तरी हा हक्क तेथे विद्यार्थ्याला त्याच प्रकारे मिळत नाही.

उणिवाही सांगतो. रिक्त जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर काम ढकलले जाते, हे देशभरातील राज्य विद्यापीठांचे दुखणे आहे. अभ्यासक्रमात बदल करायचा तर तो अनेक मंडळांच्या बैठकांतून जावा लागतो. नोकऱ्यांसाठी येणाऱ्या कंपन्यांची यादी लहान असते आणि विद्यार्थ्याला स्वतः दारे ठोठवावी लागतात.

खातेवही

मी बँकेत शैक्षणिक कर्जांचे काम पाहतो. येथे चर्चा संस्थांच्या दर्जावर चालली आहे, पण केप्यातल्या घरासाठी निर्णय बऱ्याचदा कर्जाच्या टेबलावर होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

समजा वीस लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने घेतले. दहा वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता साधारण २६,४०० रुपये येतो, सात वर्षांत फेडायचे तर ३३,२०० रुपये. शिकत असतानाच्या काळात आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात हप्ता सुरू नसतो, पण व्याज चढत असते. ते त्या काळात भरले नाही तर हप्ता याहून मोठा बसतो. मुंबईत वा बंगळूरात चांगल्या पगाराची नोकरी मिळाली तर हा हप्ता निघतो. तीच मुलगी गोव्यात परत आली आणि येथे सुरुवातीला मिळणाऱ्या पगारावर तिने नोकरी धरली, तर पगाराचा मोठा भाग हप्त्यात जाईल. म्हणजे मोठे कर्ज काढणे याचा अर्थ पहिली काही वर्षे गोव्याबाहेर राहण्याचा निर्णय घेणे असा होतो. घरात याची चर्चा प्रवेशाआधी व्हावी, नंतर नव्हे.

दुसरी गोष्ट तारणाची. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सहसा मालमत्तेचे तारण मागत नाहीत. त्यावर गेले की बहुतेक ठिकाणी मागतात, आणि तेथे गोव्यातील कुटुंबांची खरी अडचण सुरू होते. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर आजोबांचे आणि त्यांच्या चार भावांचे नाव, वाटणी झालेली नाही, इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याची न्यायालयीन, कार्यवाही कोणी केलेली नाही. अशा जमिनीवर बँक कर्ज देत नाही, मग जमीन कितीही मोठी असो. घर मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्याचे, असून ते कायद्याप्रमाणे विकत घेतलेले नसेल तर तेही तारण धरता येत नाही. आणि आपल्याकडील नागरी कायद्याप्रमाणे विवाहानंतर मालमत्ता पतिपत्नीची सामायिक होते, त्यामुळे जागा वडिलांच्या एकट्याच्या नावावर दिसली तरी आईची सही लागतेच. पुण्या-मुंबईच्या बँकशाखेत हे समजावता समजावता पालक थकतात. माझा सल्ला असा की कर्ज गोव्यातीलच शाखेतून घ्यावे, तेथे ही कागदपत्रे वाचणारी माणसे असतात.

सवलतींकडेही पाहावे. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. अर्ज लवकर करावा आणि निवासाचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. केंद्राची पी.एम. विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्या यादीतील संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाल्यास विनातारण कर्ज मिळते आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर अटींच्या अधीन राहून व्याजात तीन टक्क्यांची सवलत मिळते. आपली संस्था यादीत आहे का ते त्या वर्षी तपासावे, कारण यादी राष्ट्रीय क्रमवारीवर ठरते आणि बदलत राहते. कर्जफेडीतील व्याजावर प्राप्तिकरात वजावट आठ वर्षे मिळते, पण ती जुन्या करप्रणालीतच. नवी प्रणाली निवडली तर ती नाही.

केपेकर_पालक (धागाकर्ता)

खातेवही यांचा प्रतिसाद घरात सर्वांनी वाचला. एक-चौदाचे चित्र आमच्याकडे त्यांनी लिहिले आहे तसेच आहे, फक्त भाऊ चारऐवजी पाच आहेत. तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे गोव्यातील नोकऱ्यांवर, कोणी लिहील का? आणि पुण्याविषयीही. माझा भाऊ हा धागा वाचतो आहे आणि त्याच्या पर्यायाकडे कोणी लक्ष दिलेले नाही अशी त्याची तक्रार आहे.

वेर्णा_पाळी

मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत मनुष्यबळ विभागात काम करतो. येथील नोकऱ्यांचे स्वरूप सांगतो.

गोव्यात व्यवस्थापन शिकलेल्यांना नोकरी देणारी क्षेत्रे हाताच्या बोटांवर मोजता येतील: औषधनिर्मितीचे कारखाने, हॉटेले आणि पर्यटन, बँका व वित्तसंस्था, वास्कोच्या बंदराभोवतीची जहाज आणि मालवाहतूक, आणि आता मोपाचा विमानतळ व त्याभोवती वाढणारे उद्योग. खाणी हे पूर्वी मोठे क्षेत्र होते. २०१२ साली खाणकाम थांबले, मध्यंतरी सुरू झाले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने परवाने रद्द केल्यावर पुन्हा थांबले. डिचोली, सत्तरी, केपे, सांगे या तालुक्यांतील खाण कंपन्यांच्या कचेऱ्यांत ज्या वाणिज्य पदवीधरांना सहज जागा मिळत होत्या त्या गेल्या, आणि तेव्हापासून एम.बी.ए.साठी येणाऱ्या अर्जांचा रोखच बदलला.

आमच्याकडे कारखान्याच्या पातळीवरील जागांसाठी विद्यापीठाचे एम.बी.ए. पूर्ण चालते, आणि खरे सांगायचे तर अधिक पसंत पडते, कारण ती मुले टिकतात. नामांकित निवासी संस्थेतून आलेला उमेदवार अठरा महिन्यांत मुख्यालयाकडे किंवा दुसऱ्या कंपनीकडे निघून जातो. त्यात त्याचा दोष नाही, त्याचा हप्ताच त्याला जायला लावतो. मात्र विपणन, पुरवठा साखळीचे नियोजन, माहितीविश्लेषण या कामांचे निर्णय गोव्यातील कारखान्यात होत नाहीत, ते मुंबईतील वा हैदराबादमधील मुख्यालयात होतात. त्या खुर्चीवर बसायचे असेल तर गोव्यात राहून तेथे पोचणे अवघड आहे. म्हणून आपल्या मुलीला कोणत्या प्रकारचे काम आवडते हे आधी ठरवावे. लेखा, मनुष्यबळ, हॉटेलचे कामकाज यांत रस असेल तर गोव्यात जागा आहेत. ब्रँड, सल्लागार कंपन्या, विश्लेषण यांत रस असेल तर जागा बाहेर आहेत.

मुलाखतीत आम्ही जे पाहतो त्यात संस्थेच्या नावाचा वाटा पहिल्या दहा मिनिटांपुरता असतो. एक्सेलमध्ये स्वतः काम केले आहे का, उन्हाळी प्रशिक्षणात कोणती आकडेवारी हाताळली, आणि कामगारांशी कोकणीत बोलता येते का, हे त्यानंतर पाहिले जाते. शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. पाळी बदलताना उठलेला वाद इंग्रजीत मिटत नाही.

फर्मागुडी_वर्ग

मी फोंडा तालुक्यात वाणिज्य शिकवते. पुण्याविषयी आणि ‘विद्यार्थ्यांचे शहर’ या मुद्द्याविषयी लिहिते.

पुण्यातून एम.बी.ए. असे म्हटले जाते तेव्हा ती एक वस्तू आहे असा समज होतो, तो दूर करायला हवा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ चे. त्याच्या स्वतःच्या आवारातील व्यवस्थापनशास्त्र विभाग १९७१ पासूनचा, शुल्क माफक, स्पर्धा तीव्र. त्याच विद्यापीठाला संलग्न असलेल्या खासगी व्यवस्थापन महाविद्यालयांची रांग मात्र हिंजवडीपासून वाघोलीपर्यंत आहे, आणि त्या सर्वांच्या पदवीपत्रावर विद्यापीठाचे नाव सारखेच असते. याशिवाय अभिमत विद्यापीठांच्या संस्था आहेत, त्यांचे शुल्क साखळीच्या जवळपास जाते. मुंबईत १९६५ पासूनची जमनालाल बजाज संस्था ही मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली आणि आजही कमी शुल्कात उत्तम शिक्षणाचे उदाहरण म्हणून तिचे नाव घेतले जाते, पण तेथे पोचायला लागणारे गुण पाहावेत. महाराष्ट्रातील या प्रवेशांसाठी तेथील सामायिक प्रवेशपरीक्षा आणि केंद्रीय प्रवेश फेऱ्या असतात. गोव्याच्या विद्यार्थ्याला परराज्यातील उमेदवारांच्या मर्यादित जागांवर अर्ज करावा लागतो आणि महाराष्ट्र सरकारच्या शुल्क-सवलती त्याला मिळत नाहीत. तेव्हा पुण्याला जायचे तर कोणत्या संस्थेत, हे ठरवूनच जावे. नुसते पुण्यात राहण्यासाठी तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या महाविद्यालयात पैसे घालण्यापेक्षा पठारावरची दोन वर्षे कितीतरी चांगली. बंधुराजांनी राग मानू नये.

गोव्यात विद्यार्थ्यांचे एक शहर नाही हे खरे आहे. संस्था राज्यभर विखुरल्या आहेत: विद्यापीठ ताळगावला, बिट्स ही खासगी अभियांत्रिकी संस्था २००४ पासून झुआरीनगरला, अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासून फर्मागुडीला, राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था फर्मागुडीतून आता कुंकळ्ळीला, व्यवस्थापन संस्था पर्येला. आय.आय.टी. २०१६ पासून फर्मागुडीच्या तात्पुरत्या जागेत आहे. लोलये, मेळावली, सांगे अशा जागा सुचवल्या गेल्या आणि प्रत्येक ठिकाणी जमिनीवरून विरोध झाला. मेळावलीचे आंदोलन जानेवारी २०२१ मध्ये सर्वांनी पाहिले. लोकांचा विरोध मला समजतो, कारण काजूची बागायत गेल्यावर त्या गावाच्या वाट्याला आवाराच्या भिंतीपलीकडे काय येते हे कोणी नीट सांगितले नाही. पण या विखुरण्याचा परिणाम असा झाला की एका संस्थेतील विद्यार्थी दुसऱ्या संस्थेतील विद्यार्थ्याला भेटतच नाही. झुआरीनगरचा संगणक अभियंता आणि पठारावरची वित्ताची विद्यार्थिनी यांच्यात काही किलोमीटरचे अंतर आहे, तरी एकत्र येऊन काही उभे करावे अशी व्यवस्था नाही. पुण्यात ती चहाच्या टपरीवरही होते. बंधूंच्या म्हणण्यात इतके तथ्य आहे.

कोल्हापूर आणि बेळगाव यांचा विचार मात्र आपण कोणीच केला नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे, बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० पासून. खर्च कमी, खाणे-राहणे सोपे, आणि चोर्ला घाटाने बेळगाव डिचोली-सत्तरीच्या मुलांना जवळचेच पडते. परंतु व्यवस्थापनाच्या नोकऱ्यांच्या दृष्टीने गोवा विद्यापीठ सोडून तेथे जाण्याचे सबळ कारण मला दिसत नाही, एखाद्या विषयाचा खास अभ्यासक्रम हवा असेल तर गोष्ट वेगळी.

रानमोगरा

वेर्णा_पाळी यांच्या प्रतिसादातील एक गोष्ट मला मान्य नाही. निवासी संस्थेतील मुले टिकत नाहीत म्हणून विद्यापीठाची मुले पसंत पडतात, यात विद्यापीठाच्या मुलांची स्तुती कमी आणि त्यांच्यापुढे पर्याय कमी असल्याचा फायदा घेणे अधिक आहे. गोव्यातील कंपन्यांनी सुरुवातीचे पगार थोडे वाढवले तर बाहेर गेलेल्यांपैकी बरेच जण परत येतील. आम्ही मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीला जे भाडे देतो त्यात मडगावला अंगण मिळते, हे आम्हालाही कळते.

आणि साखळीला सर्व काही कंपन्यांच्या दिशेनेच चालते असेही नाही. तेथील विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून गोव्यातील सामाजिक संस्थांबरोबर काम करावे लागते. बाहेरून आलेल्या माझ्या सहाध्यायांनी सत्तरीतली गावे त्या निमित्ताने पाहिली.

वेर्णा_पाळी

पगारांविषयीचा आक्षेप रास्त आहे. त्यावर माझ्या हातात काही नाही, एवढेच लिहितो.

केपेकर_पालक (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मुलीने धागा वाचून प्रथमच असे सांगितले की तिला वित्त आणि विश्लेषण यांत रस आहे, हॉटेलात वा मनुष्यबळात नाही. म्हणजे वेर्णा_पाळी यांच्या हिशेबाने तिच्या जागा बाहेर आहेत. तरीही वीस लाख हा आकडा माझ्या छातीवर बसला आहे. पुण्याचा विचार आम्ही तूर्त बाजूला ठेवला आहे. धाकट्या भावाने फर्मागुडी_वर्ग यांचा प्रतिसाद वाचून फोनवर फक्त ‘बरं’ एवढेच म्हटले. आता दोन्हीकडे अर्ज करायचे ठरते आहे. परीक्षांचे वेळापत्रक कोणी सांगेल काय? आणि विद्यापीठात एम.कॉम. करून मग नोकरी करत पुढे व्यवस्थापन शिकावे असाही एक पर्याय तिच्या प्राध्यापकांनी सुचवला आहे.

फर्मागुडी_वर्ग

कॅट ही भारतीय व्यवस्थापन संस्थांची प्रवेशपरीक्षा. तिचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होऊन सप्टेंबरात बंद होतात आणि परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. झॅट ही तशीच दुसरी प्रवेशपरीक्षा जानेवारीच्या पहिल्या रविवारी असते. साखळीला या दोन्ही परीक्षांचे गुण चालतात. विद्यापीठाच्या एम.बी.ए.साठी कोणत्या परीक्षांचे गुण धरले जातात ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे, कारण प्रवेशाची पद्धत बदलत आली आहे. दोन्ही परीक्षा एकाच तयारीत देता येतात. शेवटच्या वर्षाच्या सत्रपरीक्षा त्याच सुमारास येतात, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतच गणिताचा भाग संपवावा. वाणिज्याच्या मुलींना गणिताची जी धास्ती असते ती दहावीच्या अंकगणिताची उजळणी केली की निम्मी ओसरते.

एम.कॉम.चा पर्याय मी एरवी सहज सुचवला असता, कारण ते विद्यापीठात आणि काही महाविद्यालयांतही अल्प शुल्कात होते आणि त्यावर पुढे अध्यापनाचा मार्ग खुला राहतो. पण ज्या मुलीला विश्लेषणाकडे जायचे आहे तिने दोन वर्षे एम.कॉम. आणि पुन्हा दोन वर्षे व्यवस्थापन यांत घालवू नयेत. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडील महाविद्यालयांत २०२३-२४ पासून चार वर्षांची पदवी आली आहे, एम.बी.ए.ला तीन वर्षांची पदवी पुरते, तेव्हा चौथे वर्ष घ्यायचे की नाही हेही याच वेळी ठरवून टाकावे.

खातेवही

आणखी एक. प्रवेशाचे पत्र हाती आल्यावर बँकेत आलात तर पहिल्या हप्त्याची मुदत गाठताना धावपळ होते. डिसेंबरातच एक-चौदाचा उतारा, घरपट्टीची पावती, तुमच्या तीन वर्षांच्या प्राप्तिकराच्या प्रती आणि दोघांचीही आधारपत्रे घेऊन शाखेत या आणि तारणाबाबत प्राथमिक मत घ्या. पाचही भावांच्या वारसांकडून संमती मिळवायची असेल तर ते काम चतुर्थीला सर्व जण घरी जमतात तेव्हाच सुरू करावे. वकिलाला दाखवायची यादी त्या चार दिवसांत तयार होते, एरवी वर्ष जाते. ते जमलेच नाही तर साडेसात लाखांचे विनातारण कर्ज, महामंडळाचे बिनव्याजी कर्ज आणि घरची बचत एवढ्यात कोठपर्यंत पोचता येते ते आधी मांडून पाहू. त्या आकड्यात विद्यापीठ आरामात बसते आणि साखळी बसत नाही, असे निघाले तर मुलीला ते मार्चच्या आत कळलेले बरे.